ॲनाला कुणी सांगितलंच नाही

‘फ्रोझन’मधल्या चुका काढणाऱ्यांची एक ठरलेली यादी असते. एल्सा डोंगरावर बर्फाचा महाल बांधून राहिली, तर तिथे ती जेवत काय होती? आईवडील समुद्रात बुडाल्यापासून तिच्या राज्याभिषेकापर्यंतची तीन वर्षं ॲरेंडेलचा कारभार कोण पाहत होतं? अख्खं राज्य भर जुलैत गोठलं आणि मिनिटाभरात वितळलं, तरी कुणाच्या घरात पाणी कसं शिरलं नाही? प्रश्न गमतीचे आहेत, पोरांबरोबर बसून विचारायला मजाही येते. पण त्यातल्या एकाही प्रश्नाने चित्रपटाचं काही बिघडतं असं मला वाटत नाही. तरीही डिस्नेचा हा २०१३चा चित्रपट तर्काला कच्चा आहे, असं माझं मत आहे. तो जिथे कच्चा आहे तिथे ही यादी करणारे सहसा पाहतच नाहीत, कारण त्यांची नजर जादूवर असते.

आपल्या आज्यांच्या गोष्टींतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असे. जीव पोपटात ठेवला कसा, असं कुठल्याही नातवाने कधी विचारलं नाही. पण पोपटाची मान मुरगळल्यावरही राक्षस धडधाकट उभा राहिला असता, तर आजीला पुढे एक शब्द बोलू दिला नसता. अद्भुतकथेत अशक्य गोष्ट चालते. एकदा सांगितलेली गोष्ट फिरवलेली चालत नाही.

या कसोटीवर ‘फ्रोझन’ची जादू चांगली उतरते. सुरुवातीलाच लहानग्या एल्साच्या हातून खेळता खेळता धाकट्या ॲनाच्या डोक्यात जादूचा फटका बसतो. राजाराणी दोघींना घेऊन ट्रोलांकडे धाव घेतात. म्हातारा पॅबी सांगतो की डोक्याची समजूत घालता येते, हृदयाचं तसं नसतं. पुढे तासाभराने एल्साचा दुसरा फटका ॲनाच्या हृदयात बसतो, तेव्हा आपल्याला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. प्रकरण गंभीर आहे हे कळलेलं असतं. नियम आधी दाखवायचा, मग विसरू द्यायचा आणि ऐन वेळी वसूल करायचा, हे पटकथेचं जुनं कसब आहे आणि ते इथे नेटकं जमलं आहे. ‘खऱ्या प्रेमाच्या कृती’नेच गोठलेलं हृदय वितळेल, या वाक्याचा अर्थ सगळे चुंबन असा लावतात आणि शेवटी ती कृती ॲनाची स्वतःचीच निघते, हेही त्याच जातीचं. वाक्य एकच राहतं, बदलतो तो आपण लावलेला अर्थ.

दुसरा आवडता आक्षेप आईवडिलांवर असतो. भीती हाच तुझा शत्रू होईल, असं पॅबी एल्साला स्पष्ट बजावतो आणि राजा लगेच महालाचे दरवाजे बंद करतो, नोकरचाकर कमी करतो, मुलीच्या हातात मोजे चढवतो, तिला बहिणीपासून तोडतो. इतका मूर्ख कुणी असतो का, असं विचारलं जातं. असतो, आणि त्याला मूर्खही म्हणता येत नाही. मुलीच्या अंगावरचा कोडाचा डाग किंवा लहानपणापासूनची फेफरं लग्न जमेपर्यंत लपवणारी घरं आपण पाहिलेली आहेत. त्यांना मुलीवर प्रेम नसतं असं नाही. धास्तावलेला बाप जे करील तेच राजा करतो. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली ॲना पहिल्या उघड्या दारातून आत आलेल्या पहिल्या देखण्या तरुणाच्या प्रेमात पडते, संध्याकाळी लग्नाचा शब्द देते आणि त्याच रात्री राज्यही त्याच्या हवाली करून पळालेल्या एल्साच्या शोधात निघते, यातही मला काही खटकत नाही. पात्राची चूक ही पटकथेची चूक नव्हे. उलट माणसं अशी चुकत गेली म्हणून तर ही गोष्ट घडते.

आता हान्सकडे येऊ. सदर्न आइल्सचा हा राजपुत्र बारा भावांनंतरचा तेरावा. एल्सा पळून गेल्यावर तो थंडीने काकडणाऱ्या लोकांना गरम कपडे वाटतो, किल्ल्याची दारं उघडून त्यांना आत घेतो, वेसल्टनच्या ड्यूकला चार शब्द सुनावतो. बर्फाच्या महालात ड्यूकचा माणूस एल्सावर बाण रोखतो तेव्हा हान्सच मध्ये पडतो. मग अर्धमेली ॲना चुंबनाच्या आशेने त्याच्यापाशी येते. तो तिच्या ओठांपर्यंत येऊन थांबतो आणि सांगून टाकतो की माझं तुझ्यावर प्रेम नाही, मला सिंहासन हवं होतं, लग्नानंतर तुझ्या बहिणीचा एखादा अपघातही घडवला असता.

हे वळण अन्यायाचं आहे असं म्हणणाऱ्यांना चित्रपटाचे चाहते पुरावे दाखवतात आणि त्यातले काही खरोखर भक्कम आहेत. ॲनाबरोबरच्या युगुलगीतात हान्स तिच्या प्रत्येक बोलण्याला, मग ते कितीही भलतंच असो, लगेच दुजोरा देतो. तेव्हा ते गोड वाटतं, पुन्हा पाहताना अंगावर काटा येतो. बाणाचा प्रसंगही टिकतो. हिवाळा संपवणारी एकटी एल्साच आहे, म्हणून तिला जिवंत ठेवण्यात त्याचा फायदा आहे. शिवाय त्याने वळवलेला बाण जाऊन लागतो तो एल्साच्या डोक्यावरच्या झुंबराला. आगाथा ख्रिस्तीच्या १९२६च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मध्ये, न वाचलेल्यांची माफी मागून सांगतो, गोष्ट सांगणाराच खुनी निघतो. आपण संतापून मागे जातो आणि पाहतो तर त्याचं एकही वाक्य खोटं नसतं, फक्त काही वाक्यं त्याने गाळलेली असतात. रहस्य राखण्याची ही सचोटी आहे. दुसऱ्या वाचनात कथा अधिक भरली पाहिजे.

हान्सच्या बाबतीत ही सचोटी दोन ठिकाणी मोडते. पहिलं ठिकाण सगळ्यांना ठाऊक आहे. धक्क्यावर पहिली भेट होते, घंटा वाजतात, ॲना धावत जाते, हान्सची होडी कलंडून तो पाण्यात पडतो. तो होडी डोक्यावरून उचलतो आणि गेलेल्या ॲनाकडे पाहून हसतो. हे हसू मऊ, भारावलेलं आहे. शेजारी त्याच्या घोड्याशिवाय कुणी नाही. मग तो हसला कुणासाठी? फक्त आपल्यासाठी. हान्सने ॲनाला फसवावं, तो त्याचा धंदाच आहे. पण इथे तो कुणालाच फसवत नाही, इथे चित्रपट आपल्याला फसवतो. हान्स हा आरसा आहे, समोर जो असेल त्याचं प्रतिबिंब तो दाखवतो, असाही बचाव केला जातो. अँडरसनच्या ‘स्नो क्वीन’ या मूळ गोष्टीत ट्रोलांचा आरसा आहेच, तेव्हा कल्पना सुरेख आहे. पण समोर कुणी नसताना आरशात काय दिसतं, याचं उत्तर ती देत नाही.

दुसरं ठिकाण मला जास्त खटकतं आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मरणाऱ्या ॲनाला सत्य सांगण्याची हान्सला गरजच काय? त्याने सगळ्या परदेशी पाहुण्यांसमक्ष तिचं चुंबन घेतलं असतं तर काय झालं असतं? खरं प्रेम नसल्यामुळे ते लागू पडलं नसतं, ॲना त्याच्या मांडीवर मेली असती आणि त्याआधी पाहुण्यांच्या साक्षीने लग्नाच्या शपथाही उरकता आल्या असत्या. त्याऐवजी तो तिला आपला सगळा बेत ऐकवतो, चुलीतला विस्तव विझवतो, तिला जिवंत कोंडून बाहेर येतो आणि सांगतो की आम्ही आत लग्न केलं आणि ती गेली. साक्षीदार नाही, प्रेत नाही. पाहुणे मुकाट्याने मान्य करतात. इतका हिशेबी माणूस ऐन मोक्याला इतका बेहिशेबी होतो, कारण त्याच्या तोंडून आपल्याला काहीतरी कळवायचं आहे. पात्राने पात्राशी बोलण्याचं सोडून प्रेक्षकाशी बोलायला सुरुवात केली की तर्क तिथेच तुटतो. चुंबन घेऊनही ते निष्फळ ठरलं असतं, तर दोष हान्सचा की प्रेमाचा की ट्रोलांच्या सांगण्याचा, या घोळात ॲना आणि आपण दोघेही अडकलो असतो. तो चित्रपट मला पाहायला आवडला असता.

हे असं का झालं असावं, याचा माग चित्रपटाच्या जन्मकथेत लागतो. अँडरसनची ‘स्नो क्वीन’ १८४४ची. तिच्यावर चित्रपट करण्याचा विचार खुद्द वॉल्ट डिस्नेच्या काळापासून होता आणि दर वेळी गाडी अडायची ती हिमराणीपाशीच. ‘फ्रोझन’च्या सुरुवातीच्या खर्ड्यांत एल्सा खलनायिका होती आणि ॲनाची बहीणही नव्हती. निर्माते पीटर डेल वेको यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की त्या रचनेत एक भाकीत होतं. गोठलेल्या हृदयाचा राज्यकर्ता राज्याचा नाश करील, असं ते भाकीत. सगळ्यांचा संशय एल्सावर आणि शेवटी ते गोठलेलं हृदय निघायचं हान्सचं. मग क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या जोडप्याने एल्सासाठी ‘लेट इट गो’ लिहिलं आणि ते ऐकल्यावर या बाईला दुष्ट ठरवणं कुणालाच जमेना. जेनिफर ली यांनी पटकथा नव्याने बेतली. क्रिस बक यांच्यासोबत दिग्दर्शनही त्यांच्याकडे आलं.

म्हणजे गाण्याने कथा वाकवली. भाकीत गेलं, पण बर्फ कापणाऱ्या मजुरांचं गोठलेल्या हृदयाबद्दल बजावणारं गाणं पहिल्या दृश्यात राहिलं. आता त्या शब्दांचा धनी कोण, ॲना की हान्स, हे धड ठरत नाही. आणि माझा तर्क असा, की एल्सा वाईट असताना हान्सचं वळण हा एक जादा झटका होता. ती चांगली झाल्यावर चित्रपटातल्या सगळ्या दुष्टपणाचा भार एकट्या हान्सच्या खांद्यावर आला. तो पेलण्याएवढी जागा त्याला मिळाली नाही, म्हणून त्याला ते भाषण करावं लागलं.

‘लेट इट गो’मुळे आणखी एक गंमत झाली आहे. कथेच्या दृष्टीने ती घटका अनर्थाची आहे. राणी प्रजेला टाकून पळाली आहे, तिच्या मागे बंदर गोठलं आहे, जहाजं अडकली आहेत, बहीण हिमवादळात वणवण करते आहे. आणि पडद्यावर काय चाललंय? मोजा भिरकावला जातो, केस मोकळे होतात, सूर चढतो, महाल उभा राहतो. जगभरच्या मुलींनी ते गाणं मुक्तीचं म्हणून गायलं, आपल्याकडच्या वाढदिवसांना निळ्या झग्यातल्या एल्सा घरोघर दिसल्या आणि त्यांचं काहीच चुकलं नाही, कारण संगीत तेच सांगत होतं. एल्साला खाली काय झालंय ते माहीत नाही, तेव्हा तिचा आनंद हा तिचा भ्रम आहे, असं म्हणता येतं. पटकथा म्हणतेही. पण भ्रम आहे हे दाखवणारा एक बेसूर, एक खालच्या गावाचं दृश्य त्या गाण्यात कुठेही नाही. गाणं म्हणतं ही सुटली, कथा म्हणते ही चुकली. चित्रपटाने दोघांनाही हो म्हटलं आहे. गंमत अशी की ही विसंगती मला चित्रपटाची ताकद वाटते. सरळ रेषेत चालणारी एल्सा इतक्या लोकांच्या मनात घर करून राहिली नसती. तर्क सुटल्यावर हातात काही येत असेल तर मी तो सौदा करायला तयार आहे. हान्सच्या भाषणातून मात्र हातात काहीच येत नाही.

शेवटाचं काय? ॲना बहिणीवर उगारलेल्या तलवारीपुढे उभी राहते, गोठते, वितळते आणि एल्साला एकाएकी उमगतं की प्रेमाने बर्फ वितळतं. राज्य मोकळं होतं. पण एल्साचं प्रेम नवं कुठे होतं? बहिणीला इजा होऊ नये म्हणून तर ती इतकी वर्षं बंद दारामागे बसली, म्हणून तर डोंगरावर गेली. प्रेमाने वितळायचं असतं तर ते पहिल्याच दिवशी वितळायला हवं होतं. याला एक उत्तर आहे आणि ते चित्रपटात दिसतंही. एल्साला प्रेम करणं ठाऊक होतं. आपल्याला न घाबरता कुणी आपल्यावर प्रेम करू शकतं, हे तिला पहिल्यांदा दिसलं. हे पटतं. अडचण अशी की यासाठी एल्साला वेळ लागला असता आणि तिच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट आलं आहे. एक शब्द उच्चारून ती आयुष्यभराची भीती ओलांडते.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. ॲनाच्या स्मृती काढून घेतल्या गेल्या. आठवणीतली मजा ठेवून जादू तेवढी पुसली. त्यानंतर दहा-बारा वर्षं ती एका बंद दाराबाहेर बसून विचारत राहिली की आपलं काय चुकलं. या चित्रपटातलं सगळ्यात मोठं दुःख हेच आहे आणि ते एका माहितीच्या अभावातून आलेलं आहे. अशी गोष्ट मांडली की ती माहिती ॲनाला मिळण्याचं दृश्य हे कथेवरचं कर्ज होऊन बसतं.

आणि ते फेडण्याच्या किती संधी आहेत पाहा. ॲनाच्या केसांत त्या रात्रीपासून एक पांढरी बट आहे. हान्स तिच्याबद्दल विचारतो, तेव्हा ती सांगते की ही जन्मापासूनच आहे, पण एका ट्रोलने चुंबन घेतल्याचं स्वप्न मला पडलं होतं. पुढे तीच मुलगी खऱ्याखुऱ्या ट्रोलांच्या गराड्यात उभी राहते आणि तिला ते स्वप्न आठवत नाही. तिला ट्रोलांकडे घेऊन आलेल्या बर्फविक्या क्रिस्टॉफने लहानपणी झुडपाआडून तो सगळा प्रसंग पाहिलेला आहे. ट्रोल हिला बरं करू शकतील का, यावर तो सांगतोही की मी त्यांना पूर्वी असं करताना पाहिलं आहे. कुणाला बरं करताना पाहिलं, हे ॲना विचारत नाही आणि तो सांगत नाही. पॅबी तर खुद्द वैद्यच. तीच राजकन्या पुन्हा समोर आलेली पाहून तो म्हणतो की डोक्यात असतं तर सोपं होतं. तुझ्या डोक्यातलं मीच एकदा काढलं होतं, हे त्याच्या तोंडून निघत नाही. एल्साला बर्फाच्या महालात तो जुना अपघात आठवतो आणि आपल्याला तो दिसतो, पण ॲनाला ती म्हणते एवढंच की तू निघून जा. शेवटी ॲना वितळते तेव्हा पांढरी बटही नाहीशी होते. होता नव्हता तो पुरावा पुसला गेला आणि दोघी बहिणी बर्फावर घसरगुंडी खेळू लागतात.

पहिला चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावरच्या एका माणसाला आपलं बालपण का करपलं हे माहीत नसतं आणि आपल्याला असतं. एल्साने माफी मागितलेली नाही, कारण कशाबद्दल मागायची ते ॲनाला ठाऊकच नाही. ॲनाने माफही केलेलं नाही. दोघींचा समेट झालेला दिसतो, पण तो अर्ध्या माहितीवर झालेला आहे. महालात जेवण कुठून आलं, या प्रश्नाने माझा विश्वास उडत नाही. या मौनाने उडतो. मोठ्यांनी ॲनाच्या भल्यासाठी तिच्यापासून सत्य लपवलं, ही त्या घराची मूळ चूक. चित्रपट ती चूक म्हणून दाखवतो आणि मग स्वतः तेच करतो.

२०१९चा दुसरा भाग जुनी भोकं बुजवायला निघाला, आणि बुजवताना नवी पाडत गेला. पहिल्या भागात पॅबीने एक साधा प्रश्न विचारला होता की ही शक्ती जन्माची की शापाची. राजाने उत्तर दिलं की जन्माची. राणी शेजारी गप्प उभी होती. तेव्हा त्या गप्प राहण्याला काही अर्थ नव्हता. दुसऱ्या भागाने तो दिला. राणी इडुना नॉर्थुल्ड्रा जमातीची, तिच्या माणसांना मंतरलेल्या जंगलाचं सगळं ठाऊक, आणि राजाराणी बुडाली ती एल्साच्या शक्तीचं मूळ शोधायला निघालेली असताना. भावनेला हे छान वाटतं. पण मग इतकं जाणणाऱ्या आईने मुलीला वर्षानुवर्षं मोजे घालून कोंडलं कसं? घाबरलेल्या अजाण आईबापांची गोष्ट मला पटली होती. जाणत्या आईची तीच गोष्ट पटत नाही.

त्याच भागात ॲनाला एक खरोखर मोठा निर्णय मिळतो. आजोबा रूनार्डने नॉर्थुल्ड्रांना भेट म्हणून बांधलेलं धरण हा मुळात दगा होता. त्या दग्यामुळे जंगल ३४ वर्षं धुक्यात कोंडलं गेलं. धरण फोडलं तर पाप फिटेल, पण ॲरेंडेल वाहून जाईल. लोक आधीच उंचावर गेलेले आहेत, त्यामुळे जीव वाचतील, घरं बुडतील. पाषाणाच्या राक्षसांना चेतवून ॲना ते धरण फोडते. मुलांच्या चित्रपटात इतकी जड गोष्ट क्वचित येते. आपल्या पूर्वजांनी लुबाडलेलं परत करायचं तर आपलं काहीतरी जाणार, हे कुणी एवढ्या सोप्या शब्दांत मांडलेलं मला आठवत नाही. आणि मग लाट शहरापर्यंत आली असताना एल्सा पाण्याच्या घोड्यावरून येते, बर्फाची भिंत उभी करते, एकही कौल हलत नाही. नंतर ती बहिणीला सांगते की ॲरेंडेल टिकावं असं जंगलातल्या सगळ्या आत्म्यांचंही मत पडलं. एल्साला हे करता येईल यात शंका नाही, जादूचा एकही नियम मोडलेला नाही. फक्त धरण फोडताना ॲनाने जे पणाला लावलं होतं त्यातलं काहीच गेलं नाही आणि नॉर्थुल्ड्रांची गेलेली ३४ वर्षं तेवढी खर्ची पडली.